आईच्या खोलीसाठी दोन हिरवे : प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी, रविवार

आईची खोली रंगवायची हे दिवाळीतच ठरले होते. पण नोव्हेंबरात तिच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि काम मागे पडले. आता ते फार तर गुढीपाडव्यापर्यंत संपवायचे आहे, कारण नागपुरात एकदा एप्रिल लागला की दिवसभर खिडक्या-दारे उघडी टाकून भिंती घासणे आणि रंग वाळवणे ना कारागिराला सोसते, ना घरातल्या माणसांना.

खोली पहिल्या मजल्यावर, घराच्या मागच्या बाजूस आहे. लांबी १२ फूट, रुंदी १० फूट, उंची १० फूट. उत्तरेला ५ बाय ४ फुटांची एकच खिडकी आणि तिच्याबाहेर चांगला वाढलेला कडुनिंब. पश्चिमेला छत असलेल्या गॅलरीत उघडणारे दार. दक्षिणेला घरात येणारे दार. फरशी कोटा दगडाची, म्हणजे मुळातच हिरवट करडी. भिंती सध्या फिक्या गुलाबी आहेत. चार भिंतींचे क्षेत्रफळ ४४० चौरस फूट भरते. दोन दारे आणि खिडकी वजा केल्यास ३७८ चौरस फूट उरतात.

हिरवा रंग आईने स्वतः मागितला आहे. शेड कार्डावरून तिने आणि मी मिळून दोन छटा बाजूला काढल्या. पहिली पिवळ्याकडे झुकणारी, संत्र्याच्या पानाची उलटी बाजू असते तशी फिकट, दुसरी करडी-निळसर आणि थोडी गडद, जी पाहताच आई म्हणाली, "हा तर फुटाळ्याचं पाणी वाटून राहिला." (फुटाळा हा नागपुरातला तलाव.) कार्डावरचे क्रमांक लक्षात राहत नाहीत, म्हणून या नोंदींत पहिलीला 'संत्रापान' आणि दुसरीला 'फुटाळा' म्हणेन. अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी किती प्रकाश रंग परत फेकतो हे सांगणारा एलआरव्ही नावाचा आकडा ० ते १०० या मापात देतात. संत्रापानाचा तो ५६ आहे, फुटाळ्याचा ३९. माझे मन पहिल्या दिवसापासून फुटाळ्याकडे आहे, हेही येथे नोंदवून ठेवते, म्हणजे पुढच्या निरीक्षणांत माझा कल कुठे शिरला असेल तर तो ओळखता येईल.

५ फेब्रुवारी, बुधवार

दोन्ही रंगांचे छोटे डबे दुकानातून बनवून आणले आणि रंगारी भाऊंनी पूर्वेच्या भिंतीवर दोन-दोन फुटांचे पट्टे मारले. ओला असताना फुटाळा दुधाळ आणि फिका दिसला, तेव्हा मला वाटले की यंत्राने रंगद्रव्य कमी टाकले असावे. भाऊ म्हणाले, "ताई, ओला रंग पाहून काही ठरवू नका, वाळू द्या, मग पाहा." तासाभराने तो खरोखरच दोन पायऱ्या गडद झाला. इमल्शनमधली राळ ओलेपणी पाण्यात विखुरलेली असते आणि त्यामुळे दुधासारखी पांढरी दिसते. पाणी उडून गेले की ती पारदर्शक होते आणि खालचे रंगद्रव्य आपल्या खऱ्या रूपात दिसू लागते.

तरीही वाळलेल्या पट्ट्यांनी समाधान झाले नाही. दोन्ही रंग कार्डावर होते त्याहून भडक दिसतात, संत्रापान तर जवळजवळ पोपटी. कारण भोवतालची गुलाबी भिंत आहे. लाल आणि हिरवा परस्परविरोधी रंग असल्यामुळे शेजारी आले की एकमेकांना उठाव देतात. मिशेल यूजीन शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये हा नियम सविस्तर मांडला. पॅरिसमधील गोबलाँ येथील विणकामाच्या कारखान्यात तो रंगविभागाचा प्रमुख होता. तेथील काळा धागा उठून दिसत नाही अशी तक्रार आली, तेव्हा दोष धाग्याच्या रंगात नसून शेजारच्या रंगांत आहे असे त्याला आढळले. आमच्या भिंतीवर तेच घडले आहे. आजची पाहणी रद्द धरते.

९ फेब्रुवारी, रविवार

दोन बाय दोन फुटांचे चार हार्डबोर्ड घेतले, त्यांवर पांढऱ्या प्रायमरचा एक हात दिला आणि प्रत्येक रंगाचे दोन-दोन बोर्ड, दोन-दोन हात देऊन, रोलरने रंगवले. ब्रश मुद्दाम टाळला, कारण भिंत रोलरनेच रंगणार आहे आणि ब्रशच्या रेघा प्रकाश वेगळा परतवतात. प्रत्येक बोर्डाला दोन इंचांची पांढरी कड राखली, म्हणजे गुलाबी भिंत थेट रंगाला भिडणार नाही. हे बोर्ड आता भिंती बदलत, खिडकीजवळ, कपाटाच्या आडोशाला, फरशीलगत असे फिरवता येतील.

१६ फेब्रुवारी, रविवार

आठवडाभर सकाळी आठ, दुपारी बारा, चार आणि सायंकाळी सहा वाजता दोन्ही बोर्ड पाहिले. कडुनिंब अजून भरगच्च आहे, त्यामुळे उत्तरेचा उजेड पानांतून गाळून येतो आणि स्वतःच हिरवट असतो. या उजेडात संत्रापान सकाळी प्रसन्न, पण दुपारी बाराला काहीसे कच्च्या कैरीसारखे दिसते. फुटाळा मात्र दिवसभर शांत राहतो. फरशीलगत ठेवले तर कोटा दगडाची झाक फुटाळ्यात मिसळून जाते आणि भिंत कोठे संपली, फरशी कोठे सुरू झाली, ही रेघ पुसट होते. आई रात्री उठते, तेव्हा ही रेघ तिला दिसली पाहिजे. या बाबतीत संत्रापान सरस आहे.

एक बोर्ड पाहून चार भिंतींचा अंदाज येत नाही, ही शंका मनात होतीच. भिंतीवरून निघालेला प्रकाश समोरच्या भिंतीवर जातो, तेथून पुन्हा फिरतो, आणि प्रत्येक खेपेला रंगाची निवड अधिक कडक होते. समजा, एखादी भिंत हिरव्या भागातला ६० टक्के आणि तांबड्या भागातला ५० टक्के प्रकाश परत देते. तर पहिल्या खेपेला हे प्रमाण १.२ पट असते, दुसऱ्या खेपेला ३६ ला २५ म्हणजे १.४४ पट, आणि तिसऱ्या खेपेला १.७ पटीच्या पुढे जाते. म्हणून हिरव्या खोलीत बसल्यावर रंग कार्डापेक्षा नेहमी दाट वाटतो.

हे पाहण्यासाठी घरातले दोन मोठे पुठ्ठ्याचे खोके आतून रंगवले, एक संत्रापानाने आणि एक फुटाळ्याने; तळाला फरशीच्या रंगाचा कागद अंथरला, एका बाजूला खिडकीच्या प्रमाणात चौकोन कापला आणि वरून डोळ्यापुरते भोक ठेवले. खिडकीसमोर ठेवून आत पाहिले तेव्हा मला धक्का बसला. बोर्डावर शांत वाटणारा फुटाळा खोक्याच्या खिडकीपासूनच्या दूरच्या कोपऱ्यात विहिरीतल्या पाण्यासारखा काळपट झाला होता. संत्रापान बोर्डापेक्षा दाट झाले, पण कोपरे उजळ राहिले. आकड्यांतला ५६ आणि ३९ हा फरक मला प्रथम त्या भोकातून दिसला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

रात्रीची पाहणी. खोलीत सध्या ६५०० केल्विनची पांढरी एलईडी ट्यूब आहे (केल्विन हे दिव्याच्या रंगाचे माप; आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर). तिच्या उजेडात फुटाळा निळाच होतो आणि खोलीला दवाखान्याची कळा येते. ३००० केल्विनचा पिवळसर बल्ब लावला तर फुटाळा राखाडी होतो आणि संत्रापान पिकू लागलेल्या लिंबासारखे दिसते. ४००० केल्विनच्या दिव्याखाली दोन्ही रंग दिवसाच्या रूपाच्या सर्वांत जवळ राहिले. एलईडीचा पांढरा उजेड बहुधा निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळा प्रकाश शोषून पिवळसर प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा, थर देऊन बनवतात, त्यामुळे त्यात निळ्याचा एक टोकदार उंचवटा असतो आणि त्यानंतर एक खळगा. निळसर हिरवे रंग दिव्यागणिक जास्त बदलतात ते यामुळे. रंग कोणताही ठरला तरी ट्यूब बदलून ४००० केल्विनची घ्यायची, एवढे आज पक्के झाले.

२३ फेब्रुवारी, रविवार

आजची नोंद सर्वांत महत्त्वाची, आणि ती माझ्या पाहणीतून नव्हे, आईच्या बोलण्यातून आली.

आतापर्यंत मी बोर्ड माझ्याच डोळ्यांनी पाहत होते. आज दुपारी आई पलंगावर बसली असताना दोन्ही बोर्ड तिच्या समोरच्या भिंतीला टेकवले आणि कोणता बरा वाटतो असे विचारले. ती बराच वेळ पाहत राहिली. मग तिने डावा तळवा डाव्या डोळ्यावर ठेवला, थोड्या वेळाने तो काढून उजवा तळवा उजव्या डोळ्यावर ठेवला, आणि हे दोन-तीनदा केले. शेवटी फुटाळ्याकडे बोट करून म्हणाली, "ऑपरेशन झालेल्या डोळ्याने पाहिलं तर हा निळा दिसून राहिला, आणि या डोळ्याने पाहिलं तर गढूळ. तूच सांग, मी कोणता खरा मानू?"

संत्रापानाबद्दल विचारले तेव्हा तिने तीच तपासणी पुन्हा केली. तो एका डोळ्याला ताजा आणि दुसऱ्याला थोडा जुना दिसतो, पण आहे हिरवाच, असे ती म्हणाली.

कारण उघड आहे आणि ते मला आधी सुचायला हवे होते. वयानुसार डोळ्यातले नैसर्गिक भिंग पिवळे होत जाते आणि मोतीबिंदूत तर तपकिरीही होते. असे भिंग प्रकाशातला जांभळा-निळा भाग अडवते. उजव्या डोळ्यात आता स्वच्छ कृत्रिम भिंग आहे, त्यामुळे त्या डोळ्याला निळा पूर्ण मिळतो. डाव्याला तो फारच कमी मिळतो. फुटाळ्याचे सारे वेगळेपण त्याच्या निळ्या अंशात आहे, आणि डाव्या डोळ्याचे भिंग नेमका तोच अंश काढून घेते. संत्रापानातले पिवळे रंगद्रव्य निळा प्रकाश आधीच शोषून घेते. जे भिंतीवरून निघतच नाही, ते भिंगाने अडवले तरी फरक थोडाच पडणार.

मी स्वतः पाहण्यासाठी पिवळ्या जिलेटीन कागदाचा तुकडा एका डोळ्यासमोर धरून दोन्ही बोर्ड पाहिले. फुटाळा दोन डोळ्यांना दोन रंगांचा दिसला आणि क्षणभर भिंत हलल्यासारखी वाटली. आई हे नोव्हेंबरापासून सगळ्याच वस्तूंच्या बाबतीत अनुभवते आहे आणि तिने एकदाही तक्रार केलेली नाही, हे मनाला फार लागले.

२६ फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र

कडुनिंबाची पाने पिवळी पडून झडू लागली आहेत. खिडकीतला उजेड वाढला आणि त्यातली हिरवी झाक कमी झाली. संत्रापानाचा बारा वाजताचा कैरीपणा आज दिसला नाही.

८ मार्च, शनिवार

झाड आता जवळजवळ रिकामे आहे. उत्तरेच्या खिडकीतून थेट आकाशाचा निळसर उजेड येतो आणि त्यात फुटाळा थंड पडतो. पण हा उजेडही फार दिवसांचा नाही. एक तर काही आठवड्यांत नवी पालवी येईल. दुसरे म्हणजे या खिडकीत कूलर बसतो. मार्च ते जून हे चार महिने खिडकीचा खालचा अर्धा भाग बंद असतो, आणि आई दुपारची सर्वांत जास्त वेळ खोलीत असते ती याच महिन्यांत. मोकळ्या खिडकीत घेतलेली चाचणी नागपूरच्या खोलीला पुरेशी नाही, म्हणून कूलर आजच गच्चीवरून उतरवून स्टँडवर चढवला, त्याच्या वाळ्याच्या ताट्या बदलल्या आणि फटींना ठोकळे लावून पाहणी केली.

मोबाइलच्या प्रकाशमापकावर पलंगाच्या उशाशी सकाळी दहाला मोकळ्या खिडकीत १८० लक्स (उजेड मोजण्याचे एकक) आले होते. कूलर लावल्यावर ७५. मोबाइलचा मापक काटेकोर नसतो, पण दोन्ही वेळा तोच मोबाइल, तीच जागा, तेच आकाश असल्याने तुलना धरण्याजोगी आहे. या उजेडात फुटाळ्याचा बोर्ड पूर्वेच्या कोपऱ्यात दहा फुटांवरून राखेच्या रंगाचा दिसला. संत्रापान मंद झाले, मात्र हिरवे राहिले.

सायंकाळी आम्ही दिवा न लावता बसून राहिलो. पलंगावरची लाल गोधडी काळी पडत गेली आणि दोन्ही हिरवे बोर्ड तिच्या मानाने बराच वेळ उजळ राहिले. उजेडात माणसाचा डोळा ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या, म्हणजे पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वांत संवेदनशील असतो. अंधार पडू लागला की हे टोक ५०७ नॅनोमीटरकडे, म्हणजे निळसर हिरव्याकडे सरकते. चेक शरीरशास्त्रज्ञ पुर्किन्ये याच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. या घटकेला फुटाळा संत्रापानाच्या बरोबरीला आला. दिवसातली ती पंधरा-वीस मिनिटे त्याची.

१० मार्च, सोमवार

संत्रापान ठरले. आईचे मत, खोक्याचे कोपरे, फरशीची रेघ आणि कूलरचा अंधार हे सगळे एकाच बाजूला पडल्यावर माझ्या आवडीचा प्रश्न उरत नाही. रंगाचा पृष्ठभाग मॅट घ्यायचा, कारण चकाकी असलेल्या भिंतीवर खिडकीचे प्रतिबिंब पडते आणि ते आईच्या उजव्या डोळ्याला टोचते.

१२ मार्च, बुधवार

भिंतींची तयारी सुरू झाली. खिडकीखालच्या भागात गेल्या उन्हाळ्यातील कूलरच्या पाण्याने लोणा लागला होता, म्हणजे ओलीमुळे क्षार फुटून आले होते. तेथला रंग हाताने पापुद्र्यासारखा सुटला. तो पट्टा प्लास्टरपर्यंत खरवडून वाळण्यासाठी उघडा ठेवण्याचे काम आम्ही फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच करायला हवे होते. आता पंखा लावून वाळवावा लागत आहे.

घरात येणाऱ्या दारावर जुना ऑइल पेंट आहे, नव्वदीतला. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत, मर्यादित करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या आणि हिरव्या गडद रंगांत, शिसे असण्याची शक्यता मोठी. म्हणून भाऊंना विनंती केली की हे दार कोरडे घासू नये. पाण्याचा पॉलिश पेपर वापरला, खाली प्लास्टिक अंथरले, चिखलासारखा निघालेला गाळ कापडाने टिपून घेतला आणि तोवर आईला समोरच्या खोलीत ठेवले. काम दुप्पट वेळेचे झाले. भाऊंनी कुरकुर केली नाही, उलट मास्क मागून घेतला.

१९ मार्च, बुधवार

धूलिवंदनानंतर पुट्टीचे दोन हात आणि प्रायमर पूर्ण झाले होते. आज रंगाचा पहिला हात. अंदाज सहा लिटरचा होता; चार लिटरचा डबा आणि एक-एक लिटरचे दोन डबे मागवले. मोठा डबा काल आणलेला, लहान दोन आज सकाळी. सुदैवाने भाऊंनी उघडल्यावर तिन्ही डब्यांतली एक-एक काडी पांढऱ्या पुठ्ठ्यावर ओढून वाळवली. लहान डब्यांचा रंग स्पष्टपणे पिवळा होता. लहान डब्यात यंत्र पिवळे ऑक्साइड हे रंगद्रव्य थेंबांच्या हिशेबाने सोडते, तेथे थोडीशी चूकही दिसून येते. दुकानदार मान्य करायला तयार नव्हता. पुठ्ठा समोर ठेवल्यावर त्याने डबे बदलून दिले. त्यानंतरही आम्ही सगळा रंग एका स्वच्छ बादलीत एकत्र केला आणि तळापासून ढवळला, म्हणजे दोन भिंतींत फरक राहायला जागा नको.

२१ मार्च, शुक्रवार

दुसरा हात झाला. सव्वापाच लिटर लागला, पाऊण लिटर हवाबंद करून तारीख लिहून ठेवला. नवी ट्यूब बसली.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

आई खोलीत परतली. कडुनिंबाला तांबूस पालवी फुटली आहे. पाडव्याची पाने गॅलरीतून हात लांबवून तोडली. भिंतीतल्या देवाच्या लहान कोनाड्यात उरलेला फुटाळा लावला. ही सूचना आईची. समईच्या उजेडात तो काळसर, खोल दिसतो आणि पितळेची मूर्ती पुढे येते. तेथे त्याला निळे दिसण्याची गरजच नाही.

२५ मे, रविवार

दोन महिन्यांनंतरची पाहणी. कूलर रोज चालतो. खिडकीखालच्या पट्ट्यावर तळहात फिरवून पाहिला, कोरडा आहे. कूलरच्या टाकीची गळती बंद केली आणि स्टँड भिंतीपासून चार इंच दूर सरकवला, त्याचा उपयोग झाला.

नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशाच्या थोडे वर आहे, त्यामुळे या दिवसांत सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो आणि मावळतो तो पश्चिमेपासून बराच उत्तरेला सरकून. एरवी कधी थेट ऊन न येणाऱ्या या खिडकीतून आज सहाच्या सुमारास, कूलरच्या वरच्या फटीतून, हातभर रुंदीचा उन्हाचा पट्टा पूर्वेच्या भिंतीवर पडला. फेब्रुवारीतील एकाही पाहणीत हा उजेड आला नव्हता. पट्ट्यात रंग लोण्यासारखा पिवळा झाला होता आणि पट्ट्याबाहेर हिरवाच होता. आईने डावा तळवा डाव्या डोळ्यावर ठेवला, मग उजवा उजव्यावर. "सारखाच आहे," ती म्हणाली, आणि चष्मा लावून पुन्हा वाचू लागली.